रोलप्लेइंग खेळातील प्रकृती आणि जखमांचे नियम : निवड, हिशेब आणि अंमल

टेबलाभोवती बसून फासे आणि कल्पनाशक्ती यांच्या बळावर खेळल्या जाणाऱ्या रोलप्लेइंग खेळांत पात्राची प्रकृती बहुधा एका आकड्याने दाखवली जाते. वार बसला की आकडा उतरतो, विश्रांती किंवा उपचार मिळाले की चढतो आणि शून्यावर आला की पात्र कोसळते. हा नियम समजायला पाच मिनिटे पुरतात, पण खेळ रंगात आला की त्यातूनच वाद निघतात. चाळीसपैकी तीस हिट पॉइंट (प्रकृतीच्या या आकड्याचे रूढ नाव) गेलेला माणूस तितक्याच वेगाने धावतो कसा? काल रात्री तलवारीने भोसकला गेलेला आज सकाळी ताजातवाना कसा? आणि वैद्याने नेमके काय बरे केले? या प्रश्नांची उत्तरे खेळ चालू असताना शोधू नयेत. ती आधी ठरवलेली असली तरच गेम मास्टरचे, म्हणजे कथा चालवणाऱ्या आणि नियमांचा निवाडा करणाऱ्या खेळाडूचे, निर्णय सर्वांना न्याय्य वाटतात.

बडोद्यात मराठीतून खेळणाऱ्या किंवा खेळू इच्छिणाऱ्या गटांसाठी ही पद्धत क्रमाने मांडत आहे. उदाहरणांसाठी १८८० च्या सुमाराच्या बडोद्यात घडणारी एक काल्पनिक मोहीम घेतली आहे. रखमाजी हा आखाड्यात तयार झालेला पट्टेबाज, गोदावरी ही वैद्यकी शिकलेली तरुणी आणि दाजीबा हा पागेतला शिलेदार. मांडवीजवळच्या एका पेढीतून चोरीला गेलेली कागदपत्रे घेऊन पळणाऱ्या टोळीचा हे तिघे विश्वामित्रीच्या काठाने माग काढत पावागडाकडे निघाले आहेत. पात्रे आणि कथानक कल्पित असले तरी नदी, तिच्यातल्या मगरी आणि गडाचे कडे खरे आहेत.

पहिली पायरी : आकडा कशाचा आहे ते ठरवणे

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली आला. त्याचे कर्ते गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन. त्याआधीच्या ‘चेनमेल’ (१९७१) या छोट्या सैनिकांच्या युद्धखेळात साधा सैनिक एका यशस्वी वारात बाद होई. शेकडो सैनिक हलवणाऱ्या खेळाडूला त्याचे काही वाटत नसे. परंतु एकच पात्र आपले मानून खेळणाऱ्याला एका वारात ते गमावणे असह्य होते. आर्नेसन यांनी चिलखती युद्धनौकांच्या आपल्या खेळातली कल्पना इथे आणली : जहाज जसे अनेक मारे सोसून मग बुडते, तसे पात्रानेही अनेक वार सोसावेत. हिट पॉइंटांचा उगम असा जहाजांच्या नियमांत आहे आणि हे ध्यानात ठेवले की बराच गोंधळ आपोआप कमी होतो, कारण मानवी देहाचे वैद्यकीय चित्र काढणे हा त्या आकड्याचा हेतू कधी नव्हताच.

पुढे १९७९ सालच्या गेम मास्टरसाठीच्या पुस्तकात गायगॅक्स यांनी हे स्पष्टही केले. अनुभवी योद्ध्याचे वाढलेले हिट पॉइंट म्हणजे वाढलेले मांस नव्हे. त्यात कौशल्य, नशीब आणि दैवी कृपा यांचा मोठा वाटा आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. तरीही नियमांतली भाषा मात्र ‘हिट’, ‘डॅमेज’, ‘हीलिंग’ अशी देहाचीच राहिली. आजही टेबलावर होणारे निम्मे वाद या विसंगतीतून उगवतात.

म्हणून पहिल्या बैठकीत सर्वांनी मिळून एकच उत्तर निवडावे. एक, आकडा म्हणजे शरीर; प्रत्येक उतरलेला पॉइंट म्हणजे खरी इजा. दोन, आकडा म्हणजे निभाव धरण्याची ताकद, म्हणजे दमसास, सावधपणा आणि नशीब यांची बेरीज. शरीराला खरी इजा फक्त शेवटच्या काही पॉइंटांत होते. तीन, आकडा म्हणजे कथेत उभे राहण्याचा हक्क. तो संपला की त्या प्रसंगापुरते पात्राच्या नशिबी काय येते ते दुसरा कोणी ठरवतो. तिन्ही उत्तरे चालतात. चालत नाही ती सरमिसळ : वार झाला तेव्हा ‘पट्टा खांद्यात रुतला’ असे सांगायचे आणि तासाभराच्या विश्रांतीने तोच खांदा भरून काढायचा. निवडलेले उत्तर पात्रपत्रिकेच्या माथ्यावर एका ओळीत लिहून ठेवावे.

दुसरी पायरी : लढत किती वेळ टिकावी याचा हिशेब

अर्थ ठरला की अंकगणिताकडे वळावे. हे काम पुष्कळ जण टाळतात आणि मग पहिल्याच लढतीत तिन्ही नायक आडवे होतात किंवा दीड तास कुणाचेच काही बिघडत नाही.

समजा रखमाजीचे १८ हिट पॉइंट आहेत. टोळीतला एक लाठीवाला त्याला निम्म्या वेळा मारू शकतो आणि लागल्यास आठ बाजूंच्या फाशाइतकी इजा करतो. त्या फाशाची सरासरी ४.५, म्हणून प्रत्येक फेरीत अपेक्षित इजा २.२५. एकट्या लाठीवाल्यासमोर रखमाजी सरासरीने आठ फेऱ्या टिकेल. पण तेच तीन लाठीवाले एकदम आले तर फेरीला ६.७५ इजा होते आणि तिसरी फेरी संपायच्या आत तो खाली पडतो. प्रतिस्पर्धी वाढले की धोका किती झपाट्याने वाढतो हे या एका हिशेबातून दिसते. एक बलाढ्य शत्रू आणि पाच किरकोळ शत्रू यांत नव्या गेम मास्टरला पाच किरकोळ शत्रू निरुपद्रवी वाटतात आणि फसगत नेमकी तिथे होते.

सरासरीवर मात्र पूर्ण विसंबू नये. पॉइंट थोडे आणि फासा मोठा असेल तर एकच दैवयोग सर्व हिशेब उधळतो. पॉइंट पुष्कळ आणि फासा लहान असेल तर निकाल सरासरीच्या जवळ राहतो. कथा भीतीची असेल तर पहिली रचना हवी, पराक्रमाची असेल तर दुसरी. आपल्या मोहिमेत, जिथे एक मगर आणि एक कडा हेच खरे शत्रू आहेत, तिथे मी पॉइंट थोडेच ठेवीन.

तिसरी पायरी : नियमाचे घराणे निवडणे

प्रकाशित खेळांत जखमांचे नियम ढोबळमानाने चार-पाच घराण्यांत मोडतात. निव्वळ साठ्याचे घराणे, म्हणजे एकाच आकड्यातून इजा वजा करत जाण्याचे, वर आलेच आहे. त्याचा मोठा गुण म्हणजे वेग आणि मोठी उणीव म्हणजे शेवटचा पॉइंट जाईपर्यंत पात्राच्या वागण्यात काहीही फरक पडत नाही. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या २००८ च्या चौथ्या आवृत्तीने निम्म्या पॉइंटांवर ‘ब्लडीड’ (रक्तबंबाळ) ही अवस्था आणून या उणिवेवर थोडा उतारा काढला. ही सोपी युक्ती कोणत्याही साठ्याच्या खेळात उचलता येते : निम्म्याखाली गेलेल्या पात्राचे वर्णन बदलते, शत्रूही त्याला ओळखतात आणि काही खास क्षमता तिथेच जाग्या होतात.

अवयवांच्या हिशेबाचे घराणे ‘रून क्वेस्ट’ (१९७८) या खेळाने रुजवले. डोके, छाती, पोट, हात आणि पाय यांचे वेगळे पॉइंट. वार कुठे बसला हे फासा सांगतो. पट्टेबाजीची खरी आवड असलेल्या गटाला याचा आनंद मिळतो, कारण उजवा हात गेल्यावर डाव्या हाताने लढण्याचा प्रसंग नियमांतूनच तयार होतो. मात्र पाच शत्रूंचे सात-सात आकडे सांभाळणाऱ्या गेम मास्टरची दमछाक होते. माझा सल्ला असा की हा हिशेब फक्त नायकांसाठी ठेवावा आणि शत्रूंना एकेरी आकडा द्यावा.

‘ट्रॅव्हलर’ (१९७७) मध्ये प्रकृतीचा वेगळा आकडाच नाही. इजा सरळ बळ, चपळता आणि सहनशक्ती या मूळ गुणांतून वजा होते, त्यामुळे जखमी माणूस आपोआप कमजोर होतो. ही रचना मला अत्यंत प्रामाणिक वाटते.

त्यानंतर पायऱ्यांचे घराणे. ‘व्हॅम्पायर : द मॅस्करेड’ (१९९१) मध्ये किरकोळ मारापासून निकामी होईपर्यंत सात पायऱ्या आहेत आणि खालच्या पायऱ्यांवर फाशांची संख्या घटत जाते. ‘सॅव्हेज वर्ल्ड्स’ (२००३) मध्ये महत्त्वाच्या पात्राला तीन जखमा सोसता येतात आणि प्रत्येक जखमेमागे फाशाच्या निकालातून एक वजा होतो. किरकोळ पात्र मात्र एकाच जखमेत बाद होते. ही शेवटची तरतूद टेबलावरचा हिशेब फार हलका करते.

या घराण्यात एक धोका आहे, तो आकड्यांनीच समजून घ्यावा. दोन साध्या फाशांची बेरीज सात किंवा अधिक आल्यास यश, असा नियम धरला तर यशाची शक्यता सुमारे ५८ टक्के असते. एक वजा झाला की ती ४२ टक्क्यांवर येते, दोन वजा झाले की २८ आणि तीन वजा झाले की १७ टक्क्यांवर. म्हणजे जो पहिला वार खातो तो दुसरा वार करण्यातही मागे पडतो, मग तिसरा आणखी सहज खातो. पहिल्याच फेरीत निकाल लागतो आणि उरलेला वेळ हरणारा खेळाडू नुसता बसून राहतो. वजाबाकी ठेवायचीच असेल तर तिला कमाल मर्यादा घालावी, माघार घेताना ती लागू करू नये आणि जखमी पात्राला बदल्यात काहीतरी द्यावे, उदाहरणार्थ पुन्हा फासा टाकण्याची एक संधी.

चौथी पायरी : जखमेला नाव देणे

मराठीतून खेळणाऱ्यांनी सर्वाधिक वेळ द्यावा असे घराणे म्हणजे नाव असलेल्या जखमांचे. ‘फेट कोअर’ (२०१३) मध्ये पात्राला तणावाच्या काही चौकटी (प्रत्येक चौकट आपल्या किमतीइतकी इजा झेलते) आणि परिणामांच्या, म्हणजे नावानिशी लिहायच्या जखमांच्या, तीन जागा असतात : सौम्य परिणाम दोन अंकांची इजा शोषतो, मध्यम चार, गंभीर सहा. परिणाम स्वीकारताना तो शब्दांत लिहावा लागतो आणि लिहिलेले वाक्य पुढे खेळात खरे ठरते. शत्रू त्याचा फायदा घेऊ शकतो. एका वाराला तणावाची एकच चौकट खुणावता येते. चौकटी लढत संपल्यावर मोकळ्या होतात, परिणाम मात्र मागे राहतात.

विश्वामित्री ओलांडताना मगरीने दाजीबाचा पाय धरला आणि सात अंकांची इजा झाली, असे समजू. त्याच्याकडे एक आणि दोन किमतीच्या दोन चौकटी आहेत. तो एकची चौकट, सौम्य परिणाम आणि मध्यम परिणाम असे मिळून सात भरू शकतो. किंवा एकची चौकट आणि एक गंभीर परिणाम. पहिल्या मार्गाने पत्रिकेवर ‘गुडघा खरचटला’ आणि ‘पोटरीचा लचका तुटला’ अशा दोन नोंदी होतात, पण गंभीर जागा पुढच्या संकटासाठी शिल्लक राहते. दुसऱ्या मार्गाने ‘नडगीचे हाड मोडले’ अशी एकच नोंद होते, ती मोहीम संपेपर्यंत टिकते, पण लहान जागा दोन्ही मोकळ्या राहतात. तिसरा मार्ग आधीच उघडा होता : फासे पडण्यापूर्वी हार मान्य करून कागदपत्रांची पेटी पाण्यात सोडून देणे आणि स्वतःच्या अटींवर काठ गाठणे. निर्णय खेळाडूचा असतो आणि तो घेताना कथा पुढे सरकते.

हाच प्रसंग इतर नियमांत कसा दिसेल हे ताडून पाहिले की निवड सोपी होते. मापे वेगळी असल्याने तुलना केवळ समजण्यापुरती घ्यावी. साठ्याच्या खेळात १८ मधून ७ गेले, ११ उरले आणि दाजीबा पोहत राहिला. ‘कॉल ऑफ कथुलू’च्या सातव्या आवृत्तीत एका वारात कमाल पॉइंटांच्या निम्मी किंवा अधिक इजा झाली तर ती मोठी जखम मानतात. १२ पॉइंटांच्या दाजीबाला ७ लागले, म्हणून तो कोसळतो आणि शुद्ध टिकते का यासाठी प्रकृतीचा फासा टाकतो. नदीच्या मध्यावर शुद्ध हरपणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. याच खेळात शून्यावर आलेले पात्र आधी मोठी जखम झालेली नसेल तर फक्त बेशुद्ध पडते, झालेली असेल तर मरणपंथाला लागते. घाव एकच, पण एका खेळात ती चकमक, दुसऱ्यात निवड, तिसऱ्यात मृत्यूची चाहूल.

परिणामांची नावे लिहिताना शब्द नेमका निवडावा, कारण त्यावरून पुढचे अनेक निर्णय होतात. सौम्य जागेसाठी ओरखडा, खरचटणे, ठेच, उसण, मुका मार. मध्यम जागेसाठी मुरगळलेला घोटा, निखळलेला खांदा, खोल चीर, ठणकणारी बरगडी. गंभीर जागेसाठी मोडलेले हाड, फुटलेला डोळा, विषाने चढलेली ग्लानी. नुसते ‘जखम झाली’ असे लिहू नये. ‘मुरगळलेला घोटा’ लिहिले की गडाच्या पायऱ्या चढताना तो आठवतो, घोड्यावर बसताना आठवत नाही, आणि हा फरक करायला वेगळ्या नियमाची गरज लागत नाही.

पाचवी पायरी : शून्याला काय होते

शून्य म्हणजे मृत्यू, हा सर्वांत जुना आणि सर्वांत कडक नियम. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत शून्याखाली उणे नऊपर्यंत पात्र मरणासन्न आणि उणे दहाला मृत होते. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत शून्यावरचे पात्र प्रत्येक पाळीला वीस बाजूंचा फासा टाकते : दहा किंवा अधिक आल्यास यश, कमी आल्यास अपयश; तीन यशांनी स्थिर, तीन अपयशांनी मृत. एक पडला तर दोन अपयशे धरतात आणि वीस पडला तर पात्र एका पॉइंटावर उठते. कोणीच मदत केली नाही तरी जगण्याची शक्यता सुमारे ६० टक्के भरते. एकाच वारात शून्याच्या पलीकडे उरलेली इजा कमाल पॉइंटांइतकी झाली तर मात्र मृत्यू तत्काळ येतो. मदतीला साथीदार असतील तर या नियमात मृत्यू विरळा होतो. लांबणाऱ्या मोहिमेसाठी तो उत्तम, पण जिथे प्रत्येक पाऊल जपून टाकायचे आहे तिथे तो भीतीच काढून घेतो.

‘ब्लेड्स इन द डार्क’ (२०१७) मध्ये आलेली इजा खेळाडू स्वतः तणाव पत्करून कमी करू शकतो, पण तणाव भरला की पात्राला कायमचा मानसिक व्रण राहतो. शरीर वाचवण्याची किंमत मनाने चुकवायची, हा सौदा मला फार सकस वाटतो.

शून्यावर मृत्यूखेरीज आणखी काय होऊ शकते याची छोटी यादी गेम मास्टरने जवळ ठेवावी : पात्र पकडले जाते, महत्त्वाची वस्तू गमावते, टोळी निसटते, एखादा कायमचा व्रण राहतो. मृत्यू शक्य असेल तर तो पूर्वसूचनेने यावा. ‘या कड्यावरून पाय घसरला तर पात्र वाचणार नाही’ हे वाक्य फासा टाकण्यापूर्वी उच्चारलेले असले पाहिजे.

सहावी पायरी : बरे होण्याचा वेग

कथेची गती ठरवणारा खरा नियम हाच आहे. पाचव्या आवृत्तीत एका रात्रीच्या पूर्ण विश्रांतीने सर्व पॉइंट परत येतात. दर दिवशी नवे संकट असलेल्या पराक्रमाच्या कथेत ते योग्य आहे. पण आपले नायक तीन दिवस माग काढत पावागडाकडे निघाले असतील आणि वाटेत रोज सकाळी ते कोरे करकरीत होत असतील, तर प्रवासाला काही अर्थच उरत नाही. तिथे रात्रीच्या विश्रांतीने एक-दोन पॉइंट आणि पूर्ण बरे होण्यासाठी छपराखालचा आठवडा, असा नियम घ्यावा. मोडलेले हाड जुळायला प्रत्यक्षात साधारण सहा आठवडे लागतात. कथेत तेवढा काळ उडी मारून पुढे जायचा असेल तर त्या अवधीत टोळीने काय केले हेही गेम मास्टरने सांगावे, म्हणजे वेळेला किंमत राहते.

गोदावरीसारख्या पात्राचे महत्त्व याच पायरीवर ठरते. फेट कोअरमध्ये उपचाराचा फासा यशस्वी झाला की परिणाम तत्क्षणी नाहीसा होत नाही. त्याचे नाव बदलते आणि बरे होण्याचा काळ तिथून मोजायला सुरुवात होते : सौम्य परिणाम एका प्रसंगानंतर जातो, मध्यम एका बैठकीनंतर, गंभीर संपूर्ण कथानक संपल्यावर. ‘नडगीचे हाड मोडले’ याचे ‘कामट्या बांधून घट्ट आवळलेला पाय’ होते. वैद्याचे काम दिसते, तरीही जखम कथेतून पुसली जात नाही. साठ्याच्या खेळातही ही सोय उसनी घेता येते : पॉइंट परत येऊ द्यावेत, पण एका मोठ्या घावाचे नाव पत्रिकेवर राहू द्यावे.

मनाच्या जखमांना हीच चौकट लागू करता येते. ‘कॉल ऑफ कथुलू’ने १९८१ पासून मानसिक स्वास्थ्याचा वेगळा आकडा ठेवला आहे. मात्र खऱ्या आजारांची नावे पात्रांना चिकटवण्यापेक्षा ‘पाण्याजवळ हात थरथरतो’ यासारखे वर्तन लिहावे, आणि कोणता विषय टेबलावर नको हे आधीच विचारून घ्यावे.

सातवी पायरी : खेळण्यापूर्वी चाचणी

ठरवलेले नियम प्रत्यक्ष मोहिमेत प्रथमच वापरू नयेत. पात्रे तयार झाली की कथेशी संबंध नसलेली एक लुटुपुटुची लढत लावावी, उदाहरणार्थ आखाड्यातली कुस्ती अधिक दोन लाठीवाले, आणि तीन गोष्टी टिपाव्यात. पहिले पात्र कोणत्या फेरीत पडले? पडलेल्या पात्राच्या खेळाडूने किती वेळ काहीच न करता काढला? आणि लढतीनंतर पत्रिकेवर असे काही उरले का, ज्याविषयी पुढच्या प्रसंगात बोलता येईल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ आले तर नावाच्या जखमा वाढवाव्यात. दुसऱ्याचे उत्तर दहा मिनिटांहून अधिक आले तर शून्याचा नियम सौम्य करावा किंवा पडलेल्या खेळाडूच्या हाती एखाद्या दुय्यम पात्राची सूत्रे द्यावीत.

बदल करताना एका वेळी एकच आकडा हलवावा. पॉइंट, इजेचा फासा आणि विश्रांतीचा वेग हे तिन्ही एकदम बदलले तर सुधारणा कशामुळे झाली ते कळत नाही. मोहीम चालू असताना नियम बदलावा लागला तर तो बैठकीच्या सुरुवातीला सर्वांसमोर सांगून बदलावा, आणि आधीच्या नियमाने ज्याचे पात्र जखमी झाले आहे त्याला जुना नियम ठेवायचा की नवा लावायचा ही निवड द्यावी.